चौदा घरांचा पाव

पुढच्या वर्षीपासून पाव बंद. हे एवढंसं वाक्य शिवणताईने गेली तीन वर्षं पाठ करून ठेवलं होतं. पण चौदा घरांच्या चौदा दारांत ते घशाशी येऊन अडायचं आणि तोंडातून भलतंच निघायचं, "अहो, त्यात काय, दरवर्षीचंच आहे."

ह्या वर्षी मात्र तिच्या उजव्या मनगटाने हात टेकले होते. डॉक्टरने पट्टा बांधून दिला आणि बजावलं, "मशीन चालवा हवं तर, पण पीठ मळणं विसरा." उसवलेल्या बाह्या, घट्ट झालेल्या कमरा, तुटलेल्या चेन, सगळ्या इमारतीचे कपडे दुरुस्तीला तिच्याकडे यायचे, म्हणून तर सगळे तिला शिवणताई म्हणायचे. तिने डॉक्टरचं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घरी येऊन चौदा पावांचा मैदा चाळायला बसली.

"अगं, एकदाचं सांगून टाक ना," नवरा म्हणाला. तीस वर्षं बस चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता घरात बसून सगळ्यांना वेळेवर निघायला सांगायचा. "मी येतो बरोबर. तू नुसती उभी राहा, मी बोलतो."

"तुम्ही बोलाल आणि लोक म्हणतील, बायकोला तोंड उघडू देत नाही."

"मग तू सांग."

"सांगणार आहे म्हटलं ना."

हेच बोलणं गेल्या वर्षी झालं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही, तेव्हाही मैदा चाळतानाच.

पाव मूळचा सासूबाईंचा. सणाच्या सुट्ट्या जवळ आल्या की त्या बेदाणे, अंजीर, जर्दाळू आणि संत्र्या-लिंबाची साखरेत मुरवलेली साल घालून उंच, गोल, गोड पाव भाजायच्या आणि चौदा घरी भेट द्यायच्या. कुणी आजारपणात मदत केली होती म्हणून, कुणी नात्यातलं म्हणून, आणि दोन-तीन घरं अशी, की नाही दिला तर लगेच कळलं असतं म्हणून. नऊ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि घरांची यादी, पाककृतीचा कागद आणि विणकामाच्या अठ्ठावीस सुया शिवणताईच्या गळ्यात पडल्या. तेव्हापासून यादीतली दोन माणसं वारली, एक बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेलं, पण घरं चौदाच राहिली. एक गळलं की दुसरं आत शिरायचं, जसं काही दाराबाहेर रांगेतच उभं होतं.

सासूबाईंचे नियम दोन. वाटायच्या वस्तूला आधी जीभ लावायची नाही आणि वाटायची वस्तू घरात उरवायची नाही. त्यामुळे पंधरावा पाव ह्या घरात कधी झालाच नाही. शिवणताईने सासूबाईंच्या हातचा पाव आयुष्यात एकदाच खाल्ला होता, तोही माहेरी, लग्न ठरलं तेव्हा भेट म्हणून आला होता तो. चौतीस वर्षांपूर्वीची ती चव तिला आठवत होती, निदान आठवते असं ती म्हणायची.

सालीपासून सुरुवात व्हायची. कागदावर सासूबाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, साल तीन वेळा उकळावी. शिवणताई तीन म्हणजे तीनदाच उकळायची. मोठ्या पातेल्यात साली बुडवायच्या, उकळी आणायची, गार होऊ द्यायचं, पुन्हा उकळी, पुन्हा गार. तिसऱ्या उकळीनंतर त्याच पाण्यात साखर ओतून ते आटवत बसायचं, म्हणजे सालीतलं काही म्हणून वाया जात नाही. घरभर असा वास सुटायचा की जिन्यावरून जाणारी माणसं दोन पायऱ्या थांबायची. ह्या वासावर तिचा फार भरवसा होता.

मग साचे. बाजारातले कागदी साचे तिला पटत नसत, ती खाकी कागद कापून स्वतः शिवायची. त्यासाठी जुनं मशीन राखून ठेवलं होतं. ते दर आठ-दहा टाक्यांनी एक टाका सोडायचं, म्हणून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना त्याचा उपयोग नव्हता. दुरुस्तीवाला एकदा बघून गेला आणि म्हणाला, वय झालं हो त्याचं. शिवणताईला ते मशीनपेक्षा स्वतःलाच जास्त लागलं होतं.

मळणं दोन दिवस चाललं. डाव्या हाताने मळायचं, थकलं की उजवा लावायचा, उजवा ओरडला की पुन्हा डावा. लोणी घालून पीठ सैल झालं की ते ओट्याला, पट्ट्याला, कोपराला चिकटायचं. नवऱ्याने एक घाणा मळायला घेतला, पण बसचं स्टीअरिंग फिरवावं तसा तो पीठ गोल गोल फिरवत राहिला, म्हणून तिने त्याच्या हातून ते काढून घेतलं.

ओव्हनमध्ये एका वेळी दोनच पाव मावायचे, म्हणजे सात घाणे. गरम पाव बाहेर आला की लगेच बुडाशी दोन सुया आरपार घालायच्या आणि कपडे वाळवायच्या स्टँडवर तो उलटा टांगायचा. नाहीतर आतून अजून ओला असलेला तो उंच पाव आपल्याच वजनाने खाली बसतो. बारा तास तसाच टांगलेला राहायला हवा. तेवढा वेळ घरात दार आपटायचं नाही, पंखा लावायचा नाही. नवऱ्याला शिंक आली तर तो गॅलरीत पळायचा.

"साठ माणसं उभी घेऊन घाट उतरलोय मी," तो कुजबुजला, "पण एवढा धाक नव्हता."

शिवणताई हसली नाही. टांगलेल्या चौदा पावांसमोर ती स्टुलावर बसली होती आणि तिला काहीच वाटत नव्हतं. पूर्वी ह्या घटकेला निदान बरं वाटायचं, आपण काहीतरी उभं केलं असं वाटायचं. आता फक्त थकवा होता, मनगटापासून खांद्यापर्यंत चढलेला, आणि ह्या सगळ्यातून कुणीतरी आपल्याला सोडवावं एवढंच मनात होतं.

शनिवारी सकाळी दोन पिशव्या भरून ती निघाली. पहिलं घर खालच्याच मजल्यावर, मास्तरीणबाईंचं. चाळीस वर्षं शाळेत शिकवून आता एकट्या राहायच्या, ऐंशी उलटलेली, हातात काठी. दार उघडायला त्यांना वेळ लागायचा.

"या. वाटच बघत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या.

शिवणताईने पाव हातात दिला आणि मनातल्या मनात वाक्य जुळवलं. "बाई, एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

"म्हणजे... पाव जरा उबेला ठेवा. थंडीत कडक होतो."

"बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग काठी ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "मलाही तुम्हाला..."

"काय?"

"काही नाही. हात कसा आहे? बसा ना थोडं."

"नको हो. तेरा घरं आहेत अजून."

तेरा घरी तेच झालं. औषधाच्या दुकानदाराने पाव दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, तुमच्या पावाशिवाय आमची सुट्टी सुरू होत नाही. दातांच्या डॉक्टरची बायको म्हणाली, आम्ही तर पाहुण्यांना दाखवत फिरतो. नणंदेने पाव छातीशी धरला आणि तिचे डोळे भरले, "वहिनी, आईची आठवण येते गं." आता ह्यावर कोण काय सांगणार? धाकट्या जावेने पाव फ्रीजवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, आज फडशा पडणार बघा." शिवणताईने प्रत्येक दारात तोंड उघडलं आणि प्रत्येक दारात मिटलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवऱ्याने आधी तिचं तोंड बघितलं. टबात गरम पाणी आणि मीठ घालून तो टब तिच्या पायांपाशी सरकवला.

"एकालाही नाही," तीच म्हणाली.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला आणि आपण काय बोलून बसलो हे कळून स्वयंपाकघरात निघून गेला.

बुधवारी दुपारी धाकटी जाऊ आली. हातात सोनेरी चकचकीत कागदात बांधलेली उंच, गोल वस्तू.

"ताई, ह्यांच्या ऑफिसात कुणीतरी ह्यांना दिला," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच फळांचा पाव आहे. म्हटलं, तुम्ही सगळ्यांना वाटता, तुमच्या वाट्याला कधी येतच नाही. तुमच्या पावाची सर नसणार त्याला, पण खाऊन बघा."

शिवणताईला खरंच भरून आलं. नऊ वर्षांत कुणी तिच्यासाठी पाव आणला नव्हता. तिने रिबीन सोडली, सोनेरी कागद उलगडला आणि आतला खाकी साचा तिच्या समोर आला. आठ टाके, मग एक सुटलेला. पुन्हा नऊ टाके, पुन्हा एक सुटलेला. बुडाशी सुयांची दोन भोकं.

नवऱ्यानेही पाहिलं आणि तो गालात हसला. बसच्या आरशात मागचं सगळं बघायची सवय असलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार.

"छान दिसतोय," तो म्हणाला. "आणि आमचा कसा झाला होता?"

"तुमचा ना? अहो दादा, त्याच दिवशी संपला," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले. कॉफी अर्धी ठेवून, मुलांचं काहीतरी कारण सांगून ती उठली.

दार लागल्यावर दोघं पावाकडे बघत बसली. तो कोणत्या घरातून निघाला, किती हातांतून फिरला आणि चार दिवसांत पुन्हा ह्याच टेबलावर कसा आला, हे कळायला मार्ग नव्हता. चौदांपैकी कुणीही असू शकत होतं.

"काप," नवरा म्हणाला.

"वाटायची वस्तू आहे."

"वाटून झाली. आता भेट आलेली आहे."

तिने दोन फोडी कापल्या. पहिला घास दोघांनी एकदमच घेतला. नवरा बराच वेळ चावत राहिला, मग पाणी प्यायला. शिवणताईने घास तसाच तोंडात धरून ठेवला होता. कडू होता. करपल्याचा कडवटपणा नव्हे, औषधाची गोळी जिभेवर विरघळावी तसा कडूपणा, सालीच्या तुकड्यातुकड्यात भरलेला.

"ह्या वर्षी संत्री बरी नसतील," नवरा म्हणाला.

"हो का?" ती म्हणाली. "मग साचा ओळखून तुम्ही इतके गालात का हसत होता? दरवर्षीच कुणीतरी पुढे ढकलतं, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

त्याने उरलेली फोड टेबलावर परत ठेवली. तेवढं उत्तर तिला पुरेसं होतं.

त्या दुपारी आधी तिला राग आला. सुट्टी सुरू होत नाही म्हणे. पाहुण्यांना दाखवतो म्हणे. हो, दाखवत असतील, आणि त्यांच्याच गळ्यात मारत असतील. मग राग ओसरला आणि लाज वाटायला लागली, अगदी मानेपर्यंत चढणारी. नऊ वर्षं, सव्वाशे पाव. तिने ते मनगट मोडून मळले होते, आणि लोकांनी ते तोंड भरून कौतुक करत दाराबाहेर काढले होते. संध्याकाळी तिने स्वतःला समजावलं की चला, सुटलो, आता बंद करायला कुणाची परवानगी नको. पण सुटल्यासारखं काही वाटेना. ती नुसतीच दमलेली होती, पूर्वीपेक्षा जास्त.

सकाळी ती मास्तरीणबाईंकडे गेली. खोटं बोलणार नाही असं यादीतलं ते एकच माणूस होतं. कामवाली यायच्या वेळी त्यांचं दार नुसतं लोटलेलं असायचं. शिवणताईने दार ढकललं आणि तिथेच थांबली.

मास्तरीणबाई टेबलापाशी बसल्या होत्या. पुढ्यात दुधाची कॉफी, एका बाजूने थोडा कापलेला पाव आणि एक बशी. हातात भुवया कोरायचा छोटा चिमटा होता. पावाच्या फोडीतून त्या सालीचा एकेक तुकडा चिमट्याने उपसून बशीत ठेवत होत्या. बशीत चांगला ढीग जमला होता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी चिमटा हळूच खाली ठेवला, कॉपी करताना सापडलेली मुलगी चिठ्ठी ठेवते तसा.

"बाई, कधीपासून?" शिवणताईने विचारलं.

"बसा."

"कधीपासून कडू आहे?"

"पहिल्या वर्षापासून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "साल उकळताना तुम्ही पाणी बदलता का?"

"कसलं पाणी?"

"प्रत्येक उकळीनंतर ते पाणी ओतून नवं घ्यायचं असतं. कडूपणा सगळा त्यात उतरतो. तुमच्या सासूबाई ओतायच्या, मी कितीदा बघितलंय. म्हणून तर तीनदा उकळायचं."

"पण कागदावर तसं लिहिलेलं नाही."

"त्या कशाला लिहितील? एवढं कुणालाही कळतं असं वाटलं असेल त्यांना."

शिवणताई उभीच होती. सालीतलं काही म्हणून वाया जाऊ नये ह्या हौसेने तिने नऊ वर्षं सगळा कडूपणा आटवून आटवून पुन्हा सालीतच भरला होता. तिला हसावं की रडावं कळेना, आणि मग कळलं, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"मला सांगायचं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षी तुमच्या सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. तुम्ही रडून सुजलेल्या डोळ्यांनी दारात उभ्या. तेव्हा काय सांगणार? दुसऱ्या वर्षी म्हटलं, आता सांगितलं तर म्हणतील, गेल्या वर्षी का नाही बोललात. तिसऱ्या वर्षापर्यंत फार उशीर झाला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या मी, आणि तुमची ही एक चूक दरवर्षी तशीच सोडत गेले. शनिवारीसुद्धा तोंडाशी आलं होतं."

शिवणताईला शनिवारचं ते दार आठवलं. दोघी समोरासमोर उभ्या, दोघींच्या घशात एकेक वाक्य, आणि शेवटी बोलणं झालं ते पाव उबेला ठेवण्याचं आणि हात कसा आहे त्याचं.

तिने पदराने नाक पुसलं. "बाई, मी पुढच्या वर्षीपासून पाव करणार नाही."

"बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बरं?"

"हो, बरं. हात बघा काय झालाय तुमचा. बसा आता."

एवढंच होतं. तीन वर्षं जे उराशी धरून फिरली, ते एका 'बरं'मध्ये संपलं. शिवणताई खुर्चीत बसली. ह्या घरात नऊ वर्षांत ती पहिल्यांदाच बसत होती.

"मग तुम्ही का खाता?" तिने विचारलं. "बाकीच्यांसारखा देऊन टाकायचा कुणाला तरी."

"देऊन टाकू?" मास्तरीणबाईंनी साल काढलेली फोड तिच्यापुढे सरकवली. "साल सोडली ना, तर पाव फार सुंदर होतो तुमचा. सासूबाईंपेक्षा हलका. त्यांचा थोडा गच्च व्हायचा, पण त्यांना कोण सांगणार. मी रोज एक फोड खाते, तीन आठवडे पुरवते. हे सांगायचंसुद्धा राहिलंच बघा."

शिवणताईने घास घेतला. आत लोणी होतं, बेदाण्याचा गोडवा होता, जर्दाळूचा आंबटपणा होता, आणि पाव इतका मऊ होता की चावावाच लागत नव्हता. तिच्याच हाताने मळलेला, तिनेच उलटा टांगलेला, सव्वाशे पावांपैकी तिच्या वाट्याला आलेला हा पहिला चांगला घास. ती हळूहळू खात राहिली. मास्तरीणबाई कॉफी पीत होत्या.

"बाकीच्या तेरा घरी सांगायचंय अजून," फोड संपल्यावर शिवणताई म्हणाली.

"सांगाल सावकाश."

"धाकटीकडे आधी जाते. तिचे कान बघायचेत मला."

मास्तरीणबाई हसल्या. शिवणताईने सुरी डाव्या हातात घेतली, दुसरी फोड कापली आणि चिमटा स्वतःकडे ओढला.